'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतो'

15 जून 2023 रोजी, शाळा उघडली त्याच गुरुवारी, मी तिसरीच्या वर्गात शिरले आणि फळ्यापाशी उभी राहून मोठ्या उत्साहाने म्हणाले, "ओला!" स्पॅनिशमध्ये भेटताना म्हणतात तो हा शब्द, लिहिताना त्याच्या आरंभी 'ह' असतो, पण तो उच्चारला जात नाही. अडतीस मुले माझ्याकडे पाहत राहिली. मग खिडकीजवळच्या एका मुलीने विचारले, "ओला म्हणजे भिजलेला? पण बाई, पाऊस तर अजून आलाच नाही." त्या वर्षी पाऊस खरोखरच लांबला होता. मी घाईघाईने हा शब्द वेगळ्या भाषेतला असल्याचे समजावले आणि पुढे गेले. त्या मुलीने मला जे देऊ केले होते, ते मी तेव्हा घेतले नाही, हे कळायला मला दोन महिने लागले.

मी मूळची नाशिकची. पुण्यात शिकत असताना स्पॅनिशची गोडी लागली, पुढे सेर्व्हान्तेस संस्थेमार्फत होणारी 'देले' परीक्षा बी-दोन, म्हणजे मध्यमाच्या वरच्या, पातळीपर्यंत दिली आणि नाशिकला परतल्यावर कारखान्यांच्या तांत्रिक कागदपत्रांची भाषांतरे करू लागले. लहान मुलांना शिकवण्याचा अनुभव मला नव्हता. गंगापूर रोडने शहर मागे टाकून द्राक्षबागा सुरू होतात, त्या बाजूच्या एका सेमी-इंग्रजी शाळेने आठवड्यातून एक छंद-तास देऊ केला, तेव्हा मी लगेच होकार दिला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परकीय भाषांचा, त्यांत स्पॅनिशचाही, उल्लेख आहे. पण तो माध्यमिक टप्प्यासाठी. प्राथमिक वर्गाला ठरलेला अभ्यासक्रम नव्हता आणि परीक्षेचा दबावही नव्हता. दुसरी आणि तिसरी असे दोन वर्ग, प्रत्येकी पस्तीस मिनिटे. निम्मी मुले शहरातल्या नोकरदार घरांतली होती, तर निम्मी मखमलाबाद, गिरणारे या बाजूच्या शेतकरी घरांतली.

पहिले आठ आठवडे मी चुकीच्या रस्त्याने चालले. मुलांसाठी मागवलेले पुस्तक इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारे होते आणि परकीय भाषा इंग्रजीच्या खांद्यावरूनच शिकवायची असते, अशी माझी स्वतःचीही समजूत होती. म्हणून मी आधी इंग्रजी वाक्य लिहायची, मग त्याखाली स्पॅनिश. ज्या मुलांना इंग्रजी वाक्याचाच अर्थ लावायला वेळ लागत होता, त्यांच्यासमोर मी एका अनोळखी भाषेचे कोडे दुसऱ्या अर्धवट ओळखीच्या भाषेत घालत होते. शहरातली चार-पाच मुले हात वर करीत. गिरणाऱ्याकडची मुले मान खाली घालून पाने उतरवून घेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुलाला मी आणखी एक भीती देत होते, आणि याचे वाईट मला आजही वाटते.

ऑगस्टमध्ये आवडीनिवडींचा धडा आला. 'मे गुस्ता एल मांगो' हे वाक्य मी पुस्तकाप्रमाणे समजावू लागले : इंग्रजीत 'मी' हा कर्ता असतो, इथे मात्र आंबा हा कर्ता होतो, क्रियापद आंब्याप्रमाणे चालते, आणि आंबे अनेक असतील तर 'गुस्ता'चे 'गुस्तान' होते. मोठ्या माणसांच्या वर्गांतही या वाक्यरचनेपाशी आठवडे जातात. पुण्यात मी स्वतः ती नियम म्हणून पाठ केली होती. एवढ्यात दुसरीतला, आतापर्यंत कधीही न बोललेला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मला आंबा आवडतो. आणि मला आंबे आवडतात. तसंच ना?"

अगदी तसेच. 'मे' म्हणजे 'मला', 'गुस्ता' म्हणजे 'आवडतो', 'गुस्तान' म्हणजे 'आवडतात'. ज्या गोष्टीला मी नियम समजत आले होते, ती माझ्या आईच्या भाषेत जन्मापासून माझ्या तोंडी होती आणि इंग्रजीच्या वळशामुळे मला ती कधी दिसली नव्हती. त्या दिवशी मी पुस्तक मिटले, ते वर्षभर उघडले नाही.

त्यानंतर मी घरी बसून मराठी आणि स्पॅनिश शेजारी शेजारी मांडू लागले. उच्चारांपासूनच फरक पडला. 'तोमाते', 'दोस', 'तू' यांतले त आणि द दातांवर जीभ टेकवून म्हणायचे असतात. इंग्रजीतून शिकणारे मूल तिथे ट आणि ड म्हणते, मराठीतून शिकणाऱ्याला काही सांगावेच लागत नाही. स्पॅनिशचे पाच स्वर आपल्या आ, ए, इ, ओ, उ या स्वरांच्या इतके जवळचे आहेत, की मुलांनी देवनागरीत लिहून वाचले तरी बहुतेक बरोबर येते. जीभ थरथरवत म्हणायचा लांब र मुलांना टांगेवाल्याच्या 'हुर्र'वरून जमला. 'न'वर नागमोडी रेघ असलेले स्पॅनिश अक्षर म्हणजे आपल्या बाराखडीत नुसता पाठ केला जाणारा ञ. त्याला अखेर काही काम मिळाले, याचा तिसरीच्या वर्गाला फार आनंद झाला. 'तू' हा शब्द तर उच्चारानेही तोच आणि अर्थानेही तोच. दात म्हणजे 'दिएन्ते', नाव म्हणजे 'नोम्ब्रे', नवा म्हणजे 'नुएबो' असे फळ्यावर लिहिले, तेव्हा संस्कृत आणि लॅटिन या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत, हे मी त्यांना आजीच्या चुलत बहिणीची नातवंडे कशी असतात, या भाषेत सांगितले.

देवनागरी जिथे कमी पडते, ती जागाही लवकरच सापडली. 'पापा' या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर दिला तर लॅटिन अमेरिकेत त्याचा अर्थ बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. आघाताने अर्थ बदलण्याची सवय मराठी कानाला नाही, आणि आपल्या लिपीत तो दाखवायला चिन्हही नाही. मग आम्ही टाळी वापरली : ज्या अक्षरावर जोर, त्यावर टाळी. वहीत त्या अक्षराखाली लाल ठिपका. हा ठिपका मुलांनी स्वतः सुचवला होता.

लिंगाच्या बाबतीत मला वाटले होते तितके सोपे गेले नाही, पण मजा अधिक आली. इंग्रजीतून शिकणाऱ्याला टेबल स्त्रीलिंगी का, हाच प्रश्न पडतो. आमच्या मुलांना तो पडला नाही, कारण वही ती, फळा तो आणि पुस्तक ते, यात त्यांना कधी नवल वाटलेले नव्हते. त्यांचा प्रश्न वेगळा होता : "बाई, 'ते' कुठे गेलं?" स्पॅनिशमध्ये नामांना दोनच लिंगे असल्यामुळे आपली सगळी नपुंसकलिंगी नामे दोन घरांत वाटून द्यावी लागली. त्यात चंद्र स्त्रीलिंगी निघाला आणि मुलांना ते मुळीच पटले नाही; चांदोबा मामा आहे, तो 'ला लुना' कसा होईल, यावर पाच मिनिटे वाद झाला. विशेषणे मात्र त्यांनी झेलून घेतली. काळा बोका 'गातो नेग्रो', काळी मांजर 'गाता नेग्रा'. काळाचे काळी होते, तसेच नेग्रोचे नेग्रा. मग एका मुलीने हिरव्याचे विचारले. स्पॅनिशमध्ये हिरवा, म्हणजे 'बेर्दे', लिंगाप्रमाणे बदलत नाही. "मग ते आपल्या लालसारखं आहे," ती म्हणाली, "लाल सदरा, लाल साडी." मराठीतला लाल बदलत नाही, स्पॅनिशमधला 'रोखो' बदलतो, हिरव्याचे नेमके उलट. आपल्या भाषेतली ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलीच्या ध्यानात स्पॅनिशमुळे आली, आणि खरे सांगायचे तर माझ्याही.

तासाची पहिली दहा मिनिटे आज्ञांची असत. 'लेबान्ताते' म्हटले की उठायचे, 'सिएन्ताते' म्हटले की बसायचे, 'सालता' म्हटले की उडी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात मांडलेली ही पद्धत : मूल आधी ऐकते आणि अंगाने उत्तर देते, बोलण्याची सक्ती नसते. न बोलणारी मुले यातूनच पुढे आली.

संस्कृती शिकवणे याहून कठीण निघाले. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी स्पेनमध्ये बुन्योल या गावी लोक एकमेकांना टोमॅटो फेकून मारतात. 1945 पासूनचा हा खेळ आहे. दुसऱ्याच दिवशी माझा तास होता, म्हणून मी त्याची चित्रे घेऊन गेले. आपल्या रंगपंचमीच्या रहाडींशी, म्हणजे रंगाच्या हौदांशी, त्याचे नाते जोडून देता येईल, असा माझा विचार होता. मुलांना ते आवडले नाही. त्याच जुलैमध्ये टोमॅटो दोनशे रुपयांच्या घरात गेला होता आणि कित्येक घरांत भाजीतून गायब झाला होता. ऑगस्टअखेर तोच भाव कोसळू लागला होता. गिरणाऱ्याच्या एका मुलाने विचारले, "त्यांच्याकडे पण भाव नव्हता का?" भाव न मिळाल्याने रस्त्यावर ओतलेले टोमॅटो त्याने पाहिले होते, टोमॅटो फेकण्याचे दुसरे कारण त्याला माहीत नव्हते. मी चित्रे पिशवीत ठेवली आणि टोमॅटोचीच गोष्ट सांगितली : हे फळ मूळचे अमेरिका खंडातले, मेक्सिकोच्या नाउआत्ल भाषेत 'तोमात्ल', त्यावरून स्पॅनिश 'तोमाते', आणि तिथून जगभर. मग त्याच खंडातून आलेल्या जिनसांची यादी केली : मिरची, बटाटा, मका, शेंगदाणा, काजू, पपई, पेरू, सीताफळ, चिकू. एकाने विचारले की, हे सगळे काढून घेतले तर मिसळीत काय उरेल. आम्ही फळ्यावर मोजले. मटकी आणि कांदा उरला, पण तिखटपणा गेला.

नोव्हेंबरच्या 2 तारखेचा तास मी विसरू शकत नाही. मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. घरात आरास मांडून गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचे पदार्थ आणि झेंडूची फुले ठेवतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. नुकताच दसरा झाला होता, त्याआधी सर्वपित्री अमावास्या. इतकी जवळची गोष्ट दुसरी सापडणार नाही, असे मला वाटले, आणि तसे वाटण्यात चूक नव्हती. चूक पुढे झाली. मी प्रत्येकाला विचारत गेले, "तुमच्या घरी आरास मांडली तर कोणासाठी आणि त्यावर काय ठेवाल?" तिसरीतली एक मुलगी, पावसाचे विचारणारी तीच, बोलता बोलता रडू लागली. तिचे आजोबा गणपतीच्या दिवसांत गेले होते आणि मला त्याची कल्पना नव्हती. वर्ग गप्प झाला. मी तिला जवळ घेतले, तास तिथेच थांबवला आणि संध्याकाळी तिच्या आईला फोन करून क्षमा मागितली. आई म्हणाली, "ताई, ती घरी आल्यापासून पहिल्यांदाच आजोबांचं बोलतेय. फोटोपुढं काय ठेवायचं, ते तिनंच ठरवलं." तरीही तेव्हापासून मृत्यू, घर, आईवडील असा कोणताही विषय घेण्याआधी मी वर्गशिक्षिकेकडून मुलांच्या घरची परिस्थिती जाणून घेते. हे मी आधीच करायला हवे होते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात द्राक्षे आली. स्पेनमध्ये 31 डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाचे बारा ठोके पडत असताना प्रत्येक ठोक्याला एक, अशी बारा द्राक्षे खातात; देशभर ऐकले जातात ते ठोके माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे, दर तीन सेकंदांना एक. या प्रथेचे उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या वर्तमानपत्रांतही सापडतात, पण 1909 साली आलिकान्ते भागात द्राक्षांचे अमाप पीक आले, आणि ते खपावे म्हणून बागायतदारांनी ही प्रथा सर्वदूर नेली, असे सांगतात. माल उदंड झाला की काय होते, हे या वर्गाला समजावून सांगावे लागले नाही. त्याच आलिकान्तेजवळच्या बिनालोपो खोऱ्यात वेलीवरच्या घडांना कागदी पिशव्या बांधतात, हे मी सांगितले मात्र, मखमलाबादचा एक मुलगा उभाच राहिला. "आम्ही पण घडांना पेपर लावतो, बाई! मी पण लावतो, सुट्टीत." त्याने पुढे येऊन वर्गाला दाखवले : वर्तमानपत्राचा तुकडा घडाभोवती कसा गुंडाळायचा, वर पीन कशी मारायची, उन्हाने आणि थंडीने मण्यांचा रंग कसा बिघडतो. माझी पस्तीस मिनिटे संपत आली होती आणि त्यांतली बारा त्याची होती. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आपल्या बापासारखेच काम करते, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते कोणत्याही चित्रात मला दाखवता आले नसते.

त्याच्या घरून बागलाणची अर्ली, म्हणजे हंगामाआधी तयार होणारी, द्राक्षे आणली गेली. लहान मुलांच्या घशात आख्खे द्राक्ष अडकू शकते, म्हणून मी प्रत्येक मणी उभा चिरून आणला आणि ठोक्यांमधले अंतरही वाढवले. शिपाईकाकांनी व्हरांड्यातली घंटा बारा वेळा वाजवली, मुलांनी 'उनो'पासून 'दोसे'पर्यंत मोजले. त्याच दिवशी 'मे गुस्तान लास उबास' हे वाक्य साऱ्या वर्गाचे झाले.

मार्चमध्ये नावांचा धडा घेतला. स्पॅनिश माणसाला परंपरेने दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. मुलांना आईचे माहेरचे आडनाव घरी विचारून यायचे होते. अडतीसपैकी नऊ मुलांना ते आधी ठाऊक होते, बाकीच्यांनी पहिल्यांदाच विचारले. त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतल्याची बातमी आली होती, त्यामुळे एरवी शंका काढणारे पालकही या वेळी उत्सुकतेने बोलले. एका आईने वहीवर सही करताना आपले माहेरचे आडनाव स्वतःच्या हाताने, ठळक लिहून पाठवले.

मराठीचा हा पूल सगळीकडे पोचतो, असे मी म्हणणार नाही. स्पॅनिशमध्ये 'मला आठ वर्षे आहेत' अशा धर्तीवर वय सांगतात. मुले 'मी आठ वर्षांचा आहे' हेच उलथून ठेवत राहिली. 'आहे' या एका शब्दासाठी तिथे दोन क्रियापदे आहेत, कायमच्या ओळखीसाठी एक आणि स्थितीसाठी किंवा जागेसाठी दुसरे, आणि त्यांतले कधी कोणते वापरायचे, हे वर्षाअखेरही अर्ध्या वर्गाला आले नाही. स्पेनमध्ये मुले शिक्षकांनाही सर्रास 'तू' म्हणतात, हे सांगितल्यावर वर्ग अवाक झाला. मला 'तू' म्हणण्याची मी परवानगी दिली, तरी एकानेही ती वापरली नाही. माएस्त्रा म्हणजे शिक्षिका; त्यांनी मला 'माएस्त्रा बाई' म्हणायचे ठरवले होते आणि ते मला मनापासून आवडत होते.

एप्रिलमध्ये शाळेने गुण मागितले. लेखी परीक्षा घ्यायला मी नकार दिला, आणि मुख्याध्यापिकांशी दोनदा बोलणी झाल्यावर त्यांनी ते मान्य केले. त्याऐवजी मी एकेका मुलाला कडुलिंबाखाली बोलावून दोन-तीन मिनिटे गप्पा मारल्या आणि तो काय बोलला, ते शब्दशः लिहून घेतले.

पावसाचे विचारणारी मुलगी शेवटून दुसरी आली. तिने नाव, रंग, वय सगळे सांगितले, मग थांबून विचारले, "माएस्त्रा बाई, 'मला'चं 'मे' होतं. पण 'आजोबांना' म्हणायचं असलं तर? त्यातल्या 'ना'ला काय म्हणतात?"

हे मी वर्गात शिकवलेले नव्हते. "त्या 'ना'ला 'आ' म्हणतात," मी म्हणाले, "पण तो शब्दाच्या मागे लागत नाही, आधी येतो. आणि 'मे'च्या जागी 'ले'."

तिने मनाशी जुळवाजुळव केली, जोर येईल तिथे मांडीवर हलकी टाळी दिली, आणि म्हणाली, "आ मि अबुएलो ले गुस्तान लास उबास." माझ्या आजोबांना द्राक्षे आवडतात.

वाक्य वर्तमानकाळात होते, कारण भूतकाळ आम्ही शिकलो नव्हतो. मी ते दुरुस्त केले नाही, जसेच्या तसे तिच्या नावापुढे लिहिले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर, पुढच्या जूनसाठी केलेल्या यादीत, भूतकाळ सर्वांत वर नेऊन ठेवला.